बांधावरून पाहिलेला समुद्र

मी उदगीरला मत्स्यशास्त्र शिकले असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "उदगीरला समुद्र कवा आला?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा राग येत नाही. समुद्र नाहीच तिथं. तळी आहेत, धरणं आहेत आणि मासा कापून दाखवणारे चांगले शिक्षक आहेत. इस्लापूर स्टेशनवरच्या एका गँगमनच्या मुलीला त्यांनी शिकवून उभं केलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. वसतिगृहाचं जेवण आणि शिष्यवृत्ती नसती तर मीही गेले नसते. तेव्हा ऋण मोठं आहे, हे आधीच सांगून टाकते.

पुढं किनाऱ्यावरच्या एका संशोधन प्रकल्पात काही वर्षं काढली. तिथं हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली उतरायला शिकले. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या मुलीला ते फारसं अवघड गेलं नाही. पहिल्यांदा प्रवाळ पाहिलं तेव्हा रंगांपेक्षा आवाजानं मी चकित झाले. पाण्याखाली शांतता असेल असं वाटलं होतं, तर तिथं तव्यावर तीळ तडतडावेत तसा आवाज चालू होता. खडकाच्या भोकाभोकांत राहणाऱ्या लहान कोळंब्या तो आवाज करतात. जिवंत प्रवाळाचा आवाज भरगच्च असतो. प्रवाळ मेल्यावर तो विरळ होत जातो.

बाबा गेले, माय एकटी पडली, म्हणून मी परत आले. विष्णुपुरीला एक खोली भाड्यानं घेतली, तीन संगणक मांडले आणि बाहेर पाटी लावली: "प्रवाळ ओळख व सागरी छायाचित्र विश्लेषण". समुद्रापासून इतक्या लांब हे काम कसं चालतं, असं लोक विचारतात. काम सोपं आहे. बोटीतून पाण्याखाली कॅमेरा सोडतात, तो तळाचे हजारो फोटो काढतो, ते फोटो हार्डडिस्कवर भरून कुरिअरनं आमच्याकडे येतात. संगणक प्रत्येक फोटोवर कुठंही ठिपके टाकतो. ज्या ठिपक्याखाली जे असेल त्याचं नाव आम्ही द्यायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, रेती, तुटके तुकडे. मग हिशेब निघतो की त्या तळावर किती जीव आहे. हे मुंबईत बसून करा की विष्णुपुरीत, डोळा तोच लागतो. आणि विष्णुपुरीत प्राणिशास्त्र शिकून घरी बसलेली मुलं-मुली हवी तेवढी मिळतात.

त्या पाटीनं सुरुवातीला भलतंच गिऱ्हाईक आणलं. सराफा बाजाराकडून एक गृहस्थ आले. अंगात पांढरा सदरा, बोटात तांबड्या खड्याची अंगठी. खुर्चीत बसल्या बसल्या अंगठी काढून टेबलावर ठेवली.

"हे पोवळं असली हाय का नकली, तेवढं बघून सांगा. पोरीच्या मंगळासाठी घेतलंय. सोनार म्हणतो असली, मेव्हणा म्हणतो प्लॅस्टिक हाय."

मी सांगितलं की आम्ही अंगठ्या तपासत नाही. पण भिंग होतं, पाहिलं. पोवळंच होतं. मग त्यांनी विचारलं की हा दगड कुठल्या खाणीत निघतो. मी म्हणाले, खाणीत नाही, समुद्रात. हा दगड नाही. तांदळाच्या दाण्याएवढे प्राणी असतात, ते एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याभोवती चुन्यासारखं घर बांधत जातात. पोवळ्याची जात थोडी निराळी, पण कुळ तेच. ते जीव मेले तरी घर राहतं.

गृहस्थांनी अंगठीकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे मी कुणाचं तरी घर बोटात घालून फिरून राहिलो म्हणा की."

"हाव," कोपऱ्यातून बालाजी म्हणाला, "अन् भाडं बी देत न्हाई."

बालाजी माझ्याकडे कामाला लागलेला पहिला माणूस. लोह्याकडचा, एम.एस्सी. झालेला, वडील गावचे कोतवाल. दुसरी नसरीन, उदगीरची, माझ्यासारखीच मत्स्यशास्त्र शिकलेली. बालाजीचं तोंड चालायचं आणि नसरीनचा डोळा. फोटोत नखाएवढं काही असलं तरी ती थांबायची आणि म्हणायची, "मॅडम, जरा ठैरा."

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. एका सल्लागार कंपनीकडून मोठं काम आलं. आमच्या वर्षभराच्या पगाराची सोय होईल असं. कोकणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्राखाली एक बुडालेलं पठार आहे. त्याचं नाव इथं देत नाही. त्या पठाराला लागून जमिनीखाली तेल किंवा वायू असावा असा एका कंपनीचा अंदाज होता आणि तिला तिथं चाचणीची विहीर खणायची होती. परवानगीसाठी पर्यावरणाचा अहवाल लागतो. अहवाल सल्लागार कंपनी लिहिणार होती आणि त्यातले फोटो आम्ही वाचणार होतो. आमचा संबंध यायचा तो सामंत साहेबांशी. मालवणी माणूस, बोलायला गोड, कायम घाईत.

समुद्रात विहीर खणली तर प्रवाळाला काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. लातूरला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या कॉलनीत उन्हाळ्यात घरोघर बोअर मारतात. बोअरची गाडी उभी राहिली की सगळ्या गल्लीवर राखाडी भुकटी उडते. वाळत घातलेले कपडे, तुळस, गाड्या, सगळं एका रंगाचं. माणूस दार लावून घेतो, नंतर पाणी मारून धुऊन काढतो. प्रवाळाला दारही नाही आणि पाणी मारणारंही कुणी नाही. समुद्रातली बोअर ही त्याच्या कितीतरी पट मोठी. तिचा खडकाचा चुरा आणि त्यात मिसळलेला चिखल प्रवाहाबरोबर वाहत जाऊन हळूहळू खाली बसतो. प्रवाळाचे जीव काही दिवस तो झटकत राहतात. मग दमतात. तेल सांडणं ही पुढची गोष्ट झाली. काहीही न सांडता, सगळं नियमात चालूनही हे होऊ शकतं.

पहिली डिस्क आली. आम्ही कामाला बसलो. रेती, रेती, तुटके तुकडे, रेती, एखादा ठिपका जिवंत प्रवाळाचा, पुन्हा रेती. निम्मं काम झालं तेव्हाच दिसू लागलं की अहवालात काय येणार: पठारावर प्रवाळ जवळजवळ नाही. मला वाईट वाटलं. पण आमचं काम वाईट वाटून घेण्याचं नाही.

बालाजीनं एक दिवस दुपारी खुर्ची मागं ओढली. "मॅडम, हे तुकडे बघा. कडा धारदार हायेत. नवे तुटलेत."

"मग?"

"रस्त्यावर कणसं सांडलेली दिसली तर जवळपास रान असतंय का न्हाई? हे वरून घरंगळत आलेत. वर रान हाय. आपल्याला रान दाखवलंच न्हाई."

प्रत्येक फोटोबरोबर तो कुठं काढला याची नोंद असते. ती आम्हाला कधी लागत नाही, म्हणून उघडून बघायची पद्धत नव्हती. त्या दिवशी आम्ही सगळी ठिकाणं नकाशावर मांडली. पडद्यावर एक अंडाकार कडं उमटलं. कॅमेरा पठाराच्या पायथ्यानं फिरला होता. सगळीकडून फिरला होता आणि वर कुठंच चढला नव्हता.

बालाजी हसायला लागला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "आमचे बाबा कोतवाल. गारपीट झाली की तलाठ्याच्या मागं पिशवी घेऊन बाबा. तलाठी बांधावर उभा राहायचा. बूट चिखलात जाऊ नये म्हणून. बांधाकडंचं पीक जसं असंल तसा सगळ्या शिवाराचा पंचनामा. मॅडम, हा बांधावरला पंचनामा हाय."

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बांधावरून केलेला पंचनामा आमच्या भागात प्रत्येकानं पाहिला आहे, कधी आपल्या बाजूनं, बहुतेक वेळा आपल्या विरुद्ध. इथं मात्र मला जास्त भीती वाटली, कारण कुणी खोटं बोललं नव्हतं. फोटो खरे होते. आम्ही दिलेली नावं खरी होती. हिशेब बरोबर होता. आणि त्या सगळ्या खऱ्याची बेरीज खोटी येणार होती.

सामंत साहेबांना फोन लावला.

"मॅडम, बोटवालो बोट वर नेवक तयार नाय," ते एकदम मालवणीवर आले. मग सावरून म्हणाले, "वर खडकांचे सुळके आहेत. कॅमेरा अडकला असता, दोरी तुटली असती. म्हणून कडेनं फिरवला. तुम्हाला फोटोत काय आहे ते विचारलंय. फोटो कुठे काढला हे विचारलेलं नाही."

"पण साहेब, तुम्ही लिहिणार 'या पठारावर प्रवाळ नाही'. तुम्ही पठार पाहिलंच नाही."

त्यांचा आवाज खाली आला. "खणायचं जहाज भाड्यानं ठरलंय, ताई. ते थांबलं तर मला कोण विचारणार आहे? आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोण विचारणार?"

मॅडमवरून ताईवर आले तेव्हाच मला कळलं की हा माणूसही घाबरलेला आहे. मी म्हणाले, "लेखी देते. तुम्ही वरती दाखवा किंवा दाखवू नका."

कॅमेरा पठारावर चढलाच नाही, असं लेखी दिलं. मग झोप उडाली. पठाराची काळजी होतीच. शिवाय बालाजीचं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि नसरीनच्या पगारावर तिच्या भावाचं शिक्षण चाललं होतं. मी दोघांना बसवून सांगितलं की हे काम जाऊ शकतं. नसरीन म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला विचारून राहिल्या की सांगून राहिल्या?" मी म्हणाले, विचारते आहे. तिनं बालाजीकडे पाहिलं. बालाजी म्हणाला, "लग्न काय, पुढं ढकलता येतंय. सासरा खूशच होईल." ते थट्टेत गेलं, पण नंतर तो मोबाइलवर नोकऱ्यांच्या जाहिराती बघत बसला.

सामंत साहेबांनी ते पत्र दाबलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. परवानगी देणाऱ्या समितीत कुणीतरी विचारलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर, समुद्र बंद व्हायच्या आत, एक लहान होडी पठाराच्या वर गेली. या वेळी कॅमेरा ओढत नेला नाही. दोरीला बांधून विहिरीत बादली सोडावी तसा जागोजागी सरळ खाली सोडला.

दुसरी डिस्क उघडताना आम्ही तिघंही एकाच पडद्यासमोर उभे होतो. पहिल्याच फोटोत प्रवाळ होतं. खालपासून वरपर्यंत, फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखं, हरणाच्या शिंगांसारखं, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखं. रान होतं. आणि ते सगळं पांढरंफेक होतं.

"हे तर मेलंय," बालाजी हळू म्हणाला.

कडेनं फिरलेल्या कॅमेऱ्यानं निदान संशयाला जागा ठेवली होती. आता आम्ही हट्टानं आत शिरून मृत्यूचा दाखला घेऊन आलो होतो. "प्रवाळ होतं, पण मेलेलं आहे" असं लिहिलं की विहीर खणायला अडचण कसलीच नाही.

इथं थोडं सांगावं लागेल. प्रवाळाचा जीव स्वतः जवळजवळ पारदर्शक असतो. त्याचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. त्याच ऊन खाऊन त्याला बरंचसं अन्न करून घालतात. पाणी फार तापलं की हे सहजीवन बिघडतं आणि प्रवाळ त्यांना अंगाबाहेर टाकतं. मग पारदर्शक मांसातून खालचं चुन्याचं घर पांढरं दिसतं. त्या वेळी तो जीव मेलेला नसतो. उपाशी असतो. पाणी लवकर थंड झालं तर त्या वनस्पती परत येतात आणि तो जगतो. नाही झालं तर मरतो. त्या वर्षी समुद्र तापला होता.

म्हणजे प्रश्न असा होता: हे पांढरं उपाशी की मेलेलं? वरवर दोन्ही सारखंच दिसतं. नसरीननं एक फोटो मोठा केला, अजून मोठा केला. "जरा ठैरा," ती म्हणाली. पांढऱ्यावर दुधावर धरावी तशी पातळ साय होती, उजेडात किंचित चमकणारी. तेच ते पारदर्शक मांस, म्हणजे जीव अजून होता. दुसऱ्या एका गड्ड्यावर साय नव्हती, शेवाळाची हिरवट मखमल चढायला लागली होती. तो मेला होता. आम्ही सगळे फोटो तसे पाहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साय असलेले खूप होते. मखमलीचे कमी होते, पण होते.

आमच्याकडच्या यादीत प्रवाळासाठी जिवंत आणि मेलेलं एवढेच दोन रकाने होते. आम्ही तिसरा केला. सामंत साहेब म्हणाले, "आता हे काय नवीन? पांढरं म्हणजे मी काय लिहू?"

"आजारी लिहा."

"समितीला आजारी समजत नाही, मॅडम. आहे की नाही, तेवढंच समजतं."

शेवटी समितीनंच मला संगणकावरून बैठकीला बोलावलं. विष्णुपुरीची वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर मागवला, नेटसाठी तिघांचे फोन तयार ठेवले. मी इस्त्रीची साडी नेसून बसले. पडद्यावर चौकोनाचौकोनात मोठी मोठी माणसं. एका वयस्क सदस्यांनी विचारलं, "बाई, पावसाळ्यानंतर हे प्रवाळ पुन्हा रंग धरेल, याची तुम्ही खात्री देता का?"

खोटं बोलण्याची इच्छा मला त्या क्षणी झाली. हो म्हटलं असतं तर बाजू भक्कम झाली असती. पण पाणी केव्हा थंड होईल हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "नाही देत, साहेब. थोडं जगेल, थोडं मरेल. किती ते कुणालाच सांगता येणार नाही."

तेल कंपनीचे अधिकारी म्हणाले, "म्हणजे उन्हानं मरणारच असेल, तर त्यात आमच्या विहिरीचा काय दोष?"

बोलणं नम्र होतं आणि बिनतोड वाटत होतं. मला इंग्रजीत काही सुचेना. मी मराठीतच म्हणाले, "दवाखान्यात माणूस पडलाय, तो वाचेल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून कुणी त्याच्या खोलीत बोअर मारत नाही. तो उठतो का बघतात." कुणी हसलं नाही. एका चौकोनातल्या बाईंनी माझं बोलणं इतरांना इंग्रजीत सांगितलं. बैठकीत ठरलं: पावसाळा उलटल्यावर पुन्हा फोटो काढायचे, तोवर परवानगी नाही.

तो पावसाळा मी कसा काढला हे लिहून दाखवता येणार नाही. काम बंद झालं होतं. सामंत साहेबांचे फोन थांबले. बालाजीनं लातूरला एका शिकवणीवर्गात तास घ्यायला सुरुवात केली, आठवड्याला दोनदा येत होता. उपग्रहावरून मोजलेलं समुद्राच्या पाण्याचं तापमान रोज सकाळी संगणकावर दिसतं. मी चहाच्या आधी ते बघायची. आभाळ भरून आलं की इथले लोक सोयाबीनचा विचार करायचे आणि मी त्या पठारावर ढगांची सावली पडली असेल का याचा. मायला मी फोटो दाखवले होते. ती अधूनमधून विचारायची, "त्याइच्या अंगात जीव आला का गं?" समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही.

दसऱ्यानंतर डिस्क आली. बालाजी लातूरहून आला. पठाराच्या पूर्वेकडच्या उतारावर रंग परतला होता. सगळा नाही, पण गड्ड्यांच्या कडांना बदामी, कुठं जांभळट, कुठं पिस्त्यासारखा. नसरीननं पडद्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसली. पश्चिमेकडे, जिथं विहीर खणायची होती त्या बाजूला, निम्म्याहून जास्त हिरवी मखमल चढली होती. तिथं फार थोडं वाचलं होतं. आम्ही दोन्ही बाजू जशा होत्या तशा लिहून दिल्या. पश्चिमेबद्दल लिहिताना बालाजी म्हणाला, "हे दिलं की ते म्हणतील, मेलंच हाय, खणा." मी म्हणाले, म्हणतील. लिही.

ते म्हणालेही. पण समितीनं पठाराच्या दोन बाजू वेगळ्या धरल्या नाहीत. जिथं थोडं वाचलं आहे तिथूनच उद्या बाकीचं भरून येऊ शकतं, असं त्या वयस्क सदस्यांनी नोंदवलं, असं मला नंतर कळलं. विहीर पठारापासून लांब, प्रवाहाच्या खालच्या अंगाला न्यायला सांगितलं. म्हणजे चिखल बहुतेक दुसरीकडे वाहून जाईल. त्या 'बहुतेक'वर मी अजून विचार करते. प्रवाह ऋतूप्रमाणे फिरतात, आणि समुद्र पुन्हा तापणारच आहे. लोक मला म्हणतात, तुम्ही पठार वाचवलंत. मी त्यांना थांबवते. विहीर थोडी सरकली, इतकंच झालं.

आश्चर्य म्हणजे सामंत साहेबांनी पुढचं काम आम्हालाच दिलं. नव्या जागेचे फोटो. फोनवर म्हणाले, "या वेळी सोपं आहे, ताई. नुसती रेती आहे. दोन दिवसांचं काम. सगळ्यांचीच सुटका."

खरंच नुसती रेती होती. फोटोमागून फोटो, सपाट, राखाडी. बालाजीनं हातावर डोकं टेकलं होतं. मी चहा सांगायला उठले, तेवढ्यात नसरीन थांबली. फोटो मोठा केला. रेतीत एक बारीक भोक होतं, भोकाच्या तोंडाशी उकरून काढलेल्या दाण्यांची इवलीशी रास, आणि आत दोन ठिपके, बहुधा डोळे. पुढच्या फोटोत तसंच दुसरं भोक. त्याच्या पुढच्यात चार.

"मॅडम," ती म्हणाली, "इथं बी कुणी राहून राहिलंय."

आम्ही तिघंही पडद्याकडे वाकलो. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.